वेव्हर्ली, ग्लासगो (स्कॉटलंड) : एकच वाफ तीनदा राबवणारी आगबोट

आधी एक सांगून टाकतो. वेव्हर्लीवर चढलं की सगळे लोक धावत वरच्या डेकवर जातात, चांगला बाक पकडायला. तुम्ही जाऊ नका. बोटीच्या मधोमध इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी एकेक अरुंद बोळ आहे, सरळ तिथे जाऊन उभे राहा, आणि तेही बोट धक्क्यावरून सुटायच्या आधी. कारण खरी मजा सुटतानाच आहे. वरून कॅप्टनचा हुकूम घंटा वाजवत खाली येतो, इंजिनवाला समोरचे दांडे हाताने हलवतो आणि माणसापेक्षा लांब पोलादी दांडे हळूच एक सुस्कारा टाकून फिरायला लागतात. मला वाटलं होतं कानठळ्या बसतील, पण तसं काहीच नाही, नीट तेल घातलेली शिलाई मशीन कशी चालते तसं चालतं ते धूड. फक्त ते एका खोलीएवढं आहे आणि तुम्ही त्याच्यापासून हातभर अंतरावर उभे असता.

आम्ही पाच जण होतो, मी, बायको, नऊ वर्षांची लेक, आणि देवगडहून तीन महिन्यांसाठी आलेले आई-बाबा. बाबा मुंबईत एका कापड गिरणीत बॉयलरवर होते, सगळी नोकरी त्यांची वाफेजवळ गेली. त्यांना किल्ले दाखवले, तळी दाखवली, सगळीकडे ते "छान आहे रे" म्हणायचे आणि गाडीत येऊन बसायचे. म्हणून मी ही ट्रिप ठरवली. मागच्या वर्षी एका ठिकाणी (नाव घेत नाही) जुनं वाफेचं इंजिन चालू दाखवतो म्हणून तिकीट घेतलं आणि तिथे गेल्यावर कळलं की ते विजेच्या मोटरवर फिरवतायत, आत वाफ नाहीच. बाबा तेव्हा नव्हते हे बरं झालं. वेव्हर्लीवर तसं नाही, इथे इंजिन बंद पडलं तर बोटच थांबेल, म्हणजे जे दिसतं ते खरंच पोटासाठी राबणारं इंजिन आहे.

बोटीची थोडी माहिती. वेव्हर्ली १९४६ मध्ये ग्लासगोत बांधली, ए. अँड जे. इंग्लिस कंपनीच्या यार्डात, आणि १९४७ च्या जूनमध्ये ती पहिल्यांदा प्रवासी घेऊन निघाली. ह्याच नावाची आधीची बोट १८९९ ची, ती १९४० मध्ये फ्रान्समधल्या डंकर्कहून सैनिक बाहेर काढताना बुडवली गेली, तिच्या जागी ही आली. दोन बाजूंना दोन चाकं, म्हणजे पॅडल स्टीमर. समुद्रात प्रवासी घेऊन जाणारी ह्या जातीची जगातली शेवटची बोट आता हीच. १९७४ मध्ये तिच्या मालक कंपनीने ती एका हौशी संस्थेला एक पौंडाला देऊन टाकली, आणि तेव्हापासून लोकांच्या देणग्यांवर आणि तिकिटांवर ती चालते. २०१९ चा अख्खा सीझन ती बॉयलरअभावी उभी होती, लोकांनी तेवीस लाख पौंड जमवून दिले तेव्हा नवे बॉयलर बसले. हा आकडा ऐकून बाबा बराच वेळ गप्प होते. गिरण्यांच्या चिमण्या पाडताना त्यांनी बघितल्यात, त्यामुळे बॉयलरसाठी वर्गणी काढणारे लोक असतात हे त्यांना पचायला वेळ लागला.

१९४७ च्या जूनमध्ये ही बोट सुरू झाली आणि त्याच वर्षी १७ जुलैला आपली रामदास बोट रेवसकडे जाताना बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. कोकणातल्या घराघरात ती तारीख अजून सांगतात. मला हे दोन्ही एकाच उन्हाळ्यातलं आहे हे बोटीवर फलक वाचताना लक्षात आलं आणि क्षणभर बोलायला सुचेना. आमचे आजोबा ह्याच काळात आगबोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरलेले, देवगडला बोट लांब समुद्रात उभी राहायची आणि पडावातून माणसं-सामान तिथपर्यंत न्यायचे. त्यामुळे आईला वेव्हर्ली काय आहे हे समजावून सांगावंच लागलं नाही. लांबून तिचे दोन तांबडे-पांढरे-काळे धुराडे दिसले आणि ती म्हणाली, "अगो, आगबोट!"

आता इंजिनाबद्दल, कारण रिव्ह्यू खरं तर त्याचाच आहे. इंजिन आहे ट्रिपल एक्स्पान्शन, म्हणजे बॉयलरमधून आलेली वाफ एकदा वापरून सोडून देत नाहीत, तीच वाफ एकामागोमाग एक अशा तीन सिलिंडरमधून नेतात. लेकीला हे समजेना तेव्हा मी तिला रसवंतीची आठवण करून दिली. रसवंतीवाला ऊस चरकातून एकदाच काढतो का? नाही ना. पहिल्या फेरीत भरपूर रस येतो, मग तो चोयटी दुमडून परत घालतो, मग अजून एकदा, आलं-लिंबू मध्ये ठेवून, आणि तिसऱ्या वेळेला पण भांड्यात धार पडतेच. एकदाच काढून ऊस टाकून दिला तर त्याचा धंदा बसेल. वाफेचं पण तेच आहे. ताज्या वाफेत जोर खूप असतो, ती पहिल्या छोट्या सिलिंडरमधल्या दट्ट्याला ढकलते आणि ढकलता ढकलता फुगते, फुगली की दाब कमी होतो, पण संपत नाही. मग ती दुसऱ्या मोठ्या सिलिंडरमध्ये, तिथे अजून फुगते, मग तिसऱ्या सगळ्यात मोठ्यात.

आणि पुढचा सिलिंडर मोठा का, ह्याचं उत्तर त्या बोळात उभं राहिल्यावर डोळ्यांनी मिळतं. वेव्हर्लीचे तीन सिलिंडर २४ इंच, ३९ इंच आणि ६२ इंच व्यासाचे आहेत, आणि तिन्हींचा दट्ट्या पुढे-मागे जातो ६६ इंच. पहिल्यापेक्षा तिसऱ्याच्या दट्ट्याचं क्षेत्रफळ साडेसहा पटींहून जास्त भरतं. वाफेचा जोर उतरत जातो तसतशी तिला ढकलायला जास्त रुंद जागा देतात, म्हणजे मऊ झालेली वाफ पण साधारण तेवढंच काम करते. तिन्ही सिलिंडरांनी मिळून काम वाटून घेतलेलं असतं, जवळपास सारखं. माझी आई पाच फूट दोन इंच आहे. म्हणजे बरोबर ६२ इंच. ती त्या तिसऱ्या सिलिंडरच्या तोंडात सरळ उभी राहू शकेल हे मी सांगितलं तर तिने पदर सावरून मागे सरकून घेतलं, पण नंतर दिवसभर भेटेल त्याला ती हेच सांगत होती, खुणांनी, कारण इंग्लिश नाही येत, आणि त्या स्कॉटिश बायकांना कळतही होतं.

एक प्रश्न मलाही आधी पडलेला, की वाफ फुगवायचीच आहे तर एकाच लांबलचक सिलिंडरमध्ये का नाही फुगवायची, तीन कशाला? ह्याचं उत्तर बाबांनी दिलं, आणि मी वाचलेल्या सगळ्यापेक्षा ते सोपं होतं. ते म्हणाले, मोदकपात्राचं झाकण बघ. झाकण गार असलं की वाफ त्याला लागून लगेच पाणी होऊन ओघळते, झाकण तापलं की तसं होत नाही. वाफ फुगली की थंड होते. एकाच सिलिंडरमध्ये पूर्ण फुगवली तर शेवटी त्याच्या भिंती गार पडतात, आणि पुढच्या खेपेला बॉयलरमधली ताजी कडक वाफ आत आली की तिचा मोठा भाग त्या गार भिंतीला लागूनच पाणी होतो, दट्ट्या ढकलायच्या आधीच. म्हणजे कोळसा जाळून केलेली वाफ भिंती तापवण्यात गेली. तीन सिलिंडर केले की प्रत्येकाच्या वाट्याला तापमानाची थोडीच उतरण येते, पहिला कायम कडक गरम, मधला मध्यम, शेवटचा कोमट, त्यामुळे हे नुकसान खूप कमी होतं. बाबांनी हे सांगताना हातवारे करून तीन पायऱ्या दाखवल्या आणि शेजारी उभा असलेला एक म्हातारा गोरा माणूस, ज्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, तो मान डोलवत "अय, अय" म्हणत होता. त्या दोघांचं पुढे तासभर जमलं.

तीन सिलिंडरांचा अजून एक फायदा असा की तीन क्रँक (दट्ट्याच्या ये-जा करण्याचं गोल फिरणं करणारे दांडे) एकमेकांपासून तिसऱ्या-तिसऱ्या हिश्श्याने फिरवून बसवता येतात, म्हणजे एक दट्ट्या टोकाला पोचून थबकलेला असतो तेव्हा दुसरे दोघे जोरात असतात. सायकलचं पेडल सरळ वर-खाली असताना पाय कितीही दाबला तरी हलत नाही ना, तसा प्रत्येक क्रँकचा एक मेलेला बिंदू असतो. तीन असले की कोणी ना कोणी ढकलतच असतो. म्हणून चाल अशी सलग आणि मऊ. सुरुवात करताना मात्र वाफ तिसऱ्या सिलिंडरपर्यंत पोचलेलीच नसते, त्यामुळे पहिल्याचा क्रँक नेमका मेलेल्या बिंदूवर उभा असेल तर अशा इंजिनांत बॉयलरची थोडी वाफ थेट पुढच्या सिलिंडरात सोडून धक्का द्यावा लागतो. धक्क्याला लागताना-सुटताना इंजिनवाल्याचे हात बघा, एक सेकंद स्वस्थ नसतात. पुढे, थांबा, मागे, सावकाश मागे, परत थांबा. आणि दोन्ही चाकं एकाच शाफ्टवर, म्हणजे फिरणाऱ्या आडव्या दांड्यावर, घट्ट बसवलेली आहेत, एक पुढे एक मागे असं फिरवता येत नाही, त्यामुळे एवढी लांब बोट धक्क्याला लावणं हे वरच्या आणि खालच्या माणसाच्या समजुतीवरच चालतं.

सिलिंडर उभे नाहीत, तिरके आहेत, खालून वर चाकांच्या शाफ्टकडे तोंड करून. चाकाच्या बोटीला हेच सोयीचं, कारण शाफ्ट आडवा बोटीच्या आरपार जातो आणि जागा बसकी असते. ह्यामुळेच प्रवाशांना ते एवढं चांगलं दिसतं, उभं इंजिन असतं तर आपल्याला फक्त त्याचं डोकं दिसलं असतं. वरच्या घड्याळावर मी मोजलं तर मिनिटाला पंचेचाळीसच्या आसपास फेरे होते. चाकाच्या वेगाने इंजिन आणि इंजिनाच्या वेगाने चाक, मध्ये गियर नाही, काही नाही. १९४६ साली टर्बाइन (वाफेच्या झोताने फिरणारं पात्यांचं चाक) केव्हाच आलेलं होतं, तरी चाकाच्या बोटीला हेच का बसवलं ह्याचं कारण मला वाटतं इथेच आहे, टर्बाइन हजारोंच्या वेगात फिरणार, त्याला हळू करायला गियरचा मोठा पसारा लागतो.

भिंतीवर दाबाची घड्याळं ओळीने आहेत. बाबांनी ती लांबूनच वाचली. पहिलं सगळ्यात वर, दुसरं बरंच खाली, तिसरं जवळजवळ तळाला, आणि शेवटचं उलटं, म्हणजे तिथे दाब नाही, पोकळी. ही शेवटची गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही म्हणून लिहितो. तिसऱ्या सिलिंडरमधून निघालेली वाफ बाहेर हवेत सोडत नाहीत, ती जाते कंडेन्सरमध्ये, तिथे समुद्राच्या गार पाण्याने तिचं परत पाणी होतं. पाणी झालं की जागा एकदम आक्रसते आणि पोकळी तयार होते, म्हणजे दट्ट्याला एका बाजूने वाफ ढकलते आणि दुसऱ्या बाजूने ही पोकळी ओढते. आणि ते गोडं पाणी परत बॉयलरला. समुद्रावर हे फार महत्त्वाचं, कारण खाऱ्या पाण्यावर बॉयलर चालवला तर आत मिठाचा थर बसतो आणि दाब वाढवता येत नाही, आणि दाबच कमी असला तर तीन-तीन वेळा फुगवायला वाफेत उरतंय काय. सगळ्या गोष्टी एकमेकांच्या हात धरून आल्या, चांगला कंडेन्सर, मजबूत पोलादी बॉयलर आणि मग हे इंजिन.

आता ज्या नदीवरून बोट जाते त्या क्लाईडबद्दल. बोट सुटते सायन्स सेंटरच्या धक्क्यावरून आणि थोड्याच वेळात गोवन हा जुना जहाजबांधणीचा भाग लागतो. डेकवरचे लोक फोटो काढत असतात, आणि खरं सांगू, मला तिथे अंगावर काटा आला. कारण वाफ टप्प्याटप्प्याने वापरायची युक्ती समुद्रावर आणली ती इथल्याच लोकांनी. कल्पना जुनी होती, इंग्लंडात जोनाथन हॉर्नब्लोअरने १७८१ मध्येच दोन सिलिंडरच्या इंजिनाचं पेटंट घेतलं होतं, पण जेम्स वॉटच्या पेटंटपुढे त्याचं काही चाललं नाही, मग १८०४ मध्ये आर्थर वुल्फने जास्त दाबाच्या वाफेवर परत तीच कल्पना उचलली, खाणींमधलं पाणी उपसायला वगैरे. पण जहाजावर ती नीट चालवून दाखवली ग्लासगोच्या जॉन एल्डरने, १८५४ साली ब्रँडन नावाच्या बोटीवर, आणि कोळसा साधारण तिसरा हिस्सा वाचला. गंमत बघा, ह्याच १८५४ मध्ये मुंबईत ताडदेवला कावसजी दावरांनी पहिली कापड गिरणी काढायला घेतली. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, मग आमचं आणि ह्यांचं वय एकच.

कोळसा वाचला म्हणजे नुसते पैसे वाचले असं नाही. जहाजाला स्वतःचा कोळसा स्वतःच्या पोटात न्यावा लागतो. जितका कोळसा जास्त तितकी मालाला जागा कमी, त्यामुळे लांबच्या प्रवासाला शिडाची जहाजंच परवडायची, आगबोटी टपाल आणि श्रीमंत प्रवाशांपुरत्या. पुढे आल्फ्रेड होल्टचं अगामेम्नॉन आलं, तेही ह्याच नदीवर ग्रीनॉकच्या स्कॉट यार्डात बांधलेलं, दोन टप्प्यांचं इंजिन, १८६६ मध्ये ते लिव्हरपूलहून निघालं आणि मध्ये कुठेही कोळसा न घेता थेट मॉरिशसला पोचलं, ८५०० मैल, रोज वीस टनाच्या आसपास कोळशात. तीन वर्षांनी १८६९ मध्ये सुएझ उघडला, शिडाच्या जहाजांना तो कालवा आणि तांबडा समुद्र जमेना, आणि मुंबईचा माल आगबोटीतून जायला लागला. मुंबई बंदराची भरभराट म्हटली की आपण कालव्याला श्रेय देतो. ते खरंच आहे. पण कालव्यातून जाणाऱ्या जहाजाला परवडणारं इंजिन नसतं तर नुसता कालवा काय कामाचा होता, हे मला ह्या ट्रिपनंतर जास्त पटलंय.

मग तिसरा टप्पा, आपला वेव्हर्लीवाला. ए. सी. कर्क नावाच्या इंजिनियरने १८७४ मध्ये एकदा प्रयत्न केला, इंजिन चांगलं होतं पण बॉयलर दगा देऊन गेले. १८८१ मध्ये गोवनलाच नेपियरच्या यार्डात त्याने ॲबर्डीन नावाची बोट केली, ह्या वेळी पोलादी बॉयलर, दर चौरस इंचाला १२५ पौंड दाब, आणि ती ४२ दिवसांत मेलबर्नला पोचली. त्यानंतर पुढची साठ-सत्तर वर्षं जगातली मालवाहू जहाजं बहुतेक ह्याच इंजिनावर चालली. टायटॅनिकवर पण हीच पद्धत होती, दोन मोठी इंजिनं, चार-चार सिलिंडरांची, आणि त्यातून निघालेली उरलीसुरली वाफ एका टर्बाइनला देऊन मधला पंखा फिरवायचे, म्हणजे रसवंतीची चौथी फेरी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने २७१० लिबर्टी नावाची मालवाहू जहाजं बांधली, त्यांतही अडीच हजार हॉर्सपॉवरचं हेच तीन सिलिंडरवालं, कारण टर्बाइन बनवणारे कारखाने नौदलाच्या कामात अडकलेले आणि हे इंजिन कुठल्याही बऱ्या वर्कशॉपमध्ये होण्यासारखं होतं. चार टप्प्यांची इंजिनं पण झाली, पण प्रत्येक वाढीव टप्प्याला वजन आणि घर्षण वाढतं आणि मिळकत कमी होत जाते, तिथे मग टर्बाइनने बाजी मारली.

वेव्हर्लीचं इंजिन ग्रीनॉकच्या रँकिन अँड ब्लॅकमोरने बनवलं, २१०० हॉर्सपॉवर. आणि बोट त्याच ग्रीनॉकला थांबते. म्हणजे ज्या गावात ते इंजिन ओतलं-घासलं त्या गावच्या धक्क्याला ते आजही लागतं, आणि गावातली आता आजोबा झालेली माणसं नातवंडांना घेऊन चढतात. आमच्या शेजारचे ते म्हातारे त्यांतलेच. ते सांगत होते की पूर्वी बाप मंडळी बायकोला "जरा इंजिन बघून येतो" म्हणून खाली जायची आणि बारमध्ये बसायची, म्हणून "इंजिन बघणं" म्हणजे पिणं असाच अर्थ झालेला. ह्या सहलीलाच इथले लोक "डून द वॉटर" म्हणतात, पाण्याने खाली. कारखाने बंद असायचे त्या सुट्टीत अख्खं ग्लासगो असं रॉथसे-डनून ह्या किनाऱ्यावरच्या गावांना जायचं. आपल्याकडे मे महिन्यात आणि गणपतीला गिरणगाव कोकणात रिकामं व्हायचं, तसंच अगदी.

बाबांचं एक वाक्य इथे लिहितो. ते म्हणाले, आमच्या गिरणीत असं इंजिन पूर्वी होतं असं जुनी माणसं सांगायची, एकच इंजिन, त्याच्या मोठ्या चाकावरून दोर आणि पट्टे प्रत्येक मजल्यावर, अख्खी गिरणी त्याच्यावर. १९१५ मध्ये खोपोलीहून टाटांची वीज आली तशी ही इंजिनं हळूहळू निघाली, बॉयलर तेवढे उरले, खळ आणि रंगासाठी वाफ लागायची म्हणून. बाबांनी आयुष्यभर वाफ केली पण तिला चाक फिरवताना कधी बघितलं नव्हतं. "मी नुसती करून देत होतो रे, पुढे ती काय करू शकते हे आज बघतोय." मी काही बोललो नाही.

बाकी अनुभव थोडक्यात. वरचा डेक सुंदर आहे, लाकडी, नदी रुंद होत जाते तसे डोंगर दोन्हीकडून येतात आणि काईल्स ऑफ ब्यूटच्या चिंचोळ्या भागात तर किनारा इतका जवळ की घरातली माणसं हात हलवताना दिसतात. वारा मात्र ऑगस्टमध्येसुद्धा बोचतो, आईला स्वेटर, शाल, कानटोपी सगळं लागलं. खाली जेवणाची खोली आहे, चहा मिळतो, मासे-चिप्स मिळतात, बाबांनी चवीने खाल्ले. आईचा गुरुवार होता म्हणून आम्ही घरून साबुदाण्याची खिचडी नेलेली, वर बाकावर बसून खाल्ली. जिने जुन्या बोटींसारखे खडे आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी हात धरून उतरावं, एकदा खाली पोचलं की इंजिनाचा बोळ सपाट आहे. बोळात गर्दी होते ती सुटल्यानंतरच्या पहिल्या तासात, जेवणाच्या वेळेला तिथे कोणी नसतं. तेव्हा जा, निवांत बघता येतं. चाकं फिरताना बघायला बाजूला छोट्या गोल खिडक्या आहेत, पांढरं पाणी नुसतं उसळतं, लेक तिथून हलेना. चाकाच्या फळ्या पाण्यात शिरताना सरळ उभ्या राहाव्यात म्हणून वेगळे दांडे असतात, ते तिने स्वतः शोधून काढलं आणि मला दाखवलं.

तिकीट स्वस्त नाही, पाच जणांचं तर विचार करूनच काढलं, पण तो पैसा बोट चालू ठेवण्यात जातो हे माहीत असल्यावर हात आखडला नाही. फेऱ्या फक्त उन्हाळ्यात, आणि उन्हाळ्यातही बोट सगळ्या आठवड्यांत क्लाईडवर नसते, इंग्लंड-वेल्सच्या किनाऱ्यांना पण जाते, म्हणून आई-बाबांच्या विमानाचं तिकीट काढायच्या आधी तिचं वेळापत्रक बघून ठेवा. हवा खराब असली तर फेरी बदलू शकते, एक दिवस हातात जास्तीचा ठेवा. लहान मुलांना जरूर न्या, पण आधी घरी त्यांना सायकलचं पेडल आणि मोदकपात्र दाखवून मग न्या, डबल मजा येते. तुम्ही भारतात असाल आणि इतक्या लांब येणं जमणार नसेल तर निलगिरीची मेट्टुपाळयम-उटी गाडी आहेच, तिच्या घाटातल्या स्विस बनावटीच्या वाफेच्या इंजिनातही वाफ दोनदा वापरतात, आधी चाकांना आणि मग तीच वाफ दुसऱ्या सिलिंडरात नेऊन दात्यांच्या रुळावर चढणाऱ्या चाकाला. फक्त ते बघायला खाली वाकावं लागतं, वेव्हर्लीसारखं समोर मांडून ठेवलेलं नाही.

माझ्याकडून पाचपैकी पाच. परतीच्या वाटेवर ऊन होतं, सगळे वर होते, आणि बाबा परत खाली बोळात. मी त्यांना बोलवायला गेलो तर ते कठड्याला टेकून उभे, इंजिनवाल्याने त्यांना सुताच्या चिंध्यांचा एक बोळा दिला होता, हात पुसायला, कारण ते कठड्यापलीकडच्या तेलाच्या थेंबाला बोट लावून वास घेत होते. तो बोळा त्यांनी खिशात ठेवला आणि आता तो देवगडला जाणाऱ्या बॅगेत आहे. जायच्या आधी अजून एकदा न्यायला सांगितलंय. ह्या वेळी ग्रीनॉकहून चढणार आहोत, तिथून वेळ कमी लागतो आणि आईच्या गुडघ्यांना बरं पडेल.